ज्याचं बारसं झालं नाही, त्याचं दुःख

"जे जगात आलंच नाही, त्याच्यासाठी एवढं काय रडायचं?"

हा प्रश्न दुष्ट माणसंच विचारतात असं नाही. सासू विचारते, शेजारीण विचारते, नवरा मनातल्या मनात विचारतो. रात्री सगळे झोपले की पोटातलं बाळ गमावलेली बाई स्वतःलाही विचारते. अलीकडे त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो : "बरं, दुःख आहे असं धरलं, तरी फोनवर कुणा अनोळखी माणसाशी बोलून ते कमी कसं होणार?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं टप्प्याटप्प्याने शोधू आणि उदाहरणासाठी बीड जिल्ह्यातला शिरूर कासार तालुका डोळ्यांसमोर ठेवू. सिंदफणा नदीचा, कापूस-बाजरी-तुरीचा, पाथर्डीच्या सीमेला लागून असलेला हा तालुका. इथली कित्येक घरं दिवाळीच्या आगेमागे कुलूप लावून ऊसतोडीसाठी साखर कारखान्यांकडे निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्यात परततात. पुण्या-मुंबईतल्या बाईला समुपदेशक शोधता येतो, फी परवडू शकते, दार लावून बोलायला खोली असते. यातलं काहीच हाताशी नसलेल्या बाईपर्यंत आधार पोहोचवायला काय काय लागतं, ते इथे नीट कळतं.

१. हे किती जणींच्या वाट्याला येतं?

पोटातलं बाळ जाण्याचे डॉक्टर ढोबळमानाने दोन प्रकार करतात. गर्भ बाहेर जगू शकेल एवढा वाढण्याआधीच गेला, तर तो आपोआप झालेला गर्भपात. यातले बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच होतात. बाळ बाहेर जगण्याइतकं वाढलेलं असताना पोटातच दगावलं, तर तो मृतजन्म. वेगवेगळ्या देशांची तुलना करताना जागतिक आरोग्य संघटना यासाठी २८ आठवड्यांची सीमा धरते.

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २०२१ मध्ये आपोआप होणाऱ्या गर्भपातावर एक लेखमाला छापली. तिच्यातला अंदाज असा, की जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात असे होतात. लक्षात आलेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १५ या वाटेने जातात. मृतजन्मांचा आकडा वेगळा, वर्षाला सुमारे १९ लाख.

हे आकडे गावाच्या मापात आणून पाहू. महाराष्ट्राचा जन्मदर दर हजारी साधारण १५ आहे. म्हणजे ३,००० वस्तीच्या गावात वर्षाला ४५ बाळं जन्मतात. शंभरातल्या पंधरा गर्भधारणा जात असतील, तर ४५ जन्मांमागे साधारण ५३ जणींना दिवस गेले होते. ५३ वजा ४५, म्हणजे आठ. गाव ४५ बारशांच्या घुगऱ्या खातं. उरलेल्या आठ जणींची गावाला खबर नसते, आणि त्या आठ जणींना एकमेकींचीही नसते. प्रत्येकीला वाटतं, असं फक्त माझ्याच नशिबी आलं.

२. मग चूक कोणाची?

पहिल्या तीन महिन्यांतले निम्म्याच्या आसपास गर्भपात एकाच कारणाने होतात : गर्भाच्या पेशीत गुणसूत्रांची गडबड. प्रत्येक पेशीत आईकडून २३ आणि बापाकडून २३ गुणसूत्रं आलेली असतात. शरीर कसं घडवायचं, याच्या सगळ्या सूचना त्यांच्यात असतात. बीज तयार होताना एखादं गुणसूत्र जास्त झालं किंवा कमी पडलं, तर तो गर्भ पुढे वाढूच शकत नाही. हे ठरतं अगदी आरंभी, बाईला दिवस गेल्याचं कळण्याच्याही आधी. आईचं वय वाढतं तशी ही शक्यता वाढते.

बाकीच्या कारणांत ताब्यात नसलेला मधुमेह, थायरॉइडचे विकार, काही जंतुसंसर्ग, गर्भाशयाच्या रचनेतले दोष येतात. उशिराच्या महिन्यांत वाढलेला रक्तदाब आणि वारेचे दोष मोठे ठरतात. पिकलेली पपई, ग्रहणात चिरलेली भाजी, कुणाची नजर, नवऱ्याशी झालेलं भांडण यांनी पोट पडत नाही. घरातल्या रोजच्या कामानेही पडत नाही.

उसाच्या फडातलं काम मात्र रोजच्या कामात मोडत नाही. दिवसभर वाकून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या आणि रात्री-अपरात्री गाडी भरायला उठायचं. फार जड ओझं, तासन्‌तास उभं राहणं आणि रात्रीचं काम यांनी गर्भपाताचा धोका काही प्रमाणात वाढतो, असं अभ्यास सांगतात. तरी त्याचा दोष बाईच्या माथी येत नाही. ती हौसेने मोळी उचलत नाही. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस जरी कामावर गेलं नाही तरी खाडा लागतो, म्हणजे पैसे कापले जातात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची आकडेवारी २०२५ मध्ये वर्तमानपत्रांत आली. तिच्यात १,५२३ महिला गरोदरपणी फडात राबल्याची नोंद होती. नोकरदार बाईचं पोट पडलं, तर सहा आठवड्यांच्या भरपगारी रजेचा हक्क तिला १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने दिला. मुकादमाच्या तोंडी करारावर राबणारीला तो कोणाकडे मागायचा, हेच ठाऊक नसतं.

३. या दुःखाला जागा का मिळत नाही?

केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये एक कल्पना मांडली. काही दुःखं अशी असतात, की समाज ती दुःख म्हणून धरतच नाही. कोणी भेटायला येत नाही, कोणी जेवणाचा डबा आणत नाही, कामातून सुटी मिळत नाही. माणूस दुःखात असतो, पण त्याला दुःखी असण्याची परवानगी नसते. अशा दुःखाला आपण 'बिनहक्काचं दुःख' म्हणू. पोटातलं बाळ जाणं हे त्याचं ठळक उदाहरण आहे.

आपल्याकडे माणूस गेलं की काय करायचं, हे ठरलेलं असतं. तिसरा, दहावा, तेरावा. भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते आणि त्या गडबडीत दुःख थोडं वाटलं जातं. पोटातल्या बाळासाठी यातलं काही नाही. धर्मशास्त्रांनी याची दखल घेतलेली आहे, नाही असं नाही. जितक्या महिन्यांचा गर्भ तितक्या रात्री आईला अशौच, असा नियम मनुस्मृतीतही आहे. पण तो नियम विटाळाचा आहे, सांत्वनाचा नाही. उशिराच्या महिन्यात गेलेलं बाळ घरातले पुरुष नेऊन पुरून येतात. कित्येकदा आईला तोंडही दाखवत नाहीत. "बघितलंस तर जास्त त्रास होईल," असं सांगतात. हेतू चांगलाच असतो. पण आपण कोणासाठी रडतो आहोत, हे तिला कधीच पाहायला मिळत नाही.

बीड जिल्ह्यात यावर आणखी एक थर चढतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे इथे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. मुलींच्या गर्भांचं काय केलं जात होतं, ते साऱ्या राज्याला कळलं. कायद्याचा बडगा आला आणि तो यायलाच हवा होता. पण त्याची सावली निरपराध बाईवरही पडते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पोट गेलं, की आजूबाजूला कुजबुज सुरू होते : पडलं, की पाडलं? आधीच्या दोन मुली असतील तर विचारायलाच नको. मग ती बाई घडलेलं बोलून दाखवायचंच टाळते. बिनहक्काच्या दुःखावर संशयाचं कुलूप लागतं.

४. हे दुःख किती खोल जातं?

लंडनचं इंपिरिअल कॉलेज आणि बेल्जियममधलं लुवेन विद्यापीठ इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या साडेसहाशेहून अधिक स्त्रियांची त्यांनी विचारपूस केली होती. एका महिन्यानंतर दर १०० पैकी २९ जणींमध्ये आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती. अपघातातून किंवा भूकंपातून वाचलेल्या माणसांत जी दिसतात, तीच ही लक्षणं. तो प्रसंग अचानक डोळ्यांसमोर येतो, स्वप्नात येतो, ती खोली किंवा तो रस्ता टाळावासा वाटतो. २४ जणींना मध्यम ते तीव्र चिंता होती, ११ जणींना नैराश्य. नऊ महिन्यांनंतरही १८ जणींमध्ये आघाताची लक्षणं टिकून होती.

या आकड्यांना दुसरी बाजूही आहे. बहुतेक स्त्रिया हळूहळू सावरतात. त्यांना औषध लागत नाही, आजाराचं नाव लागत नाही. त्यांना लागतं ते ऐकणारं माणूस. काहींना त्याहून जास्त लागतं. कोणाला काय लागतं हे वेळेत ओळखणं, हेच आधार देणाऱ्याचं पहिलं काम.

शरीरही बाईला विसरू देत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर बाळ गेलं, तर दोन-चार दिवसांनी छातीत दूध दाटतं. हे होईल असं तिला आधी कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती घाबरते आणि तो क्षण फार जिव्हारी लागतो. आधार देणाऱ्याने ही गोष्ट आपणहून सांगायला हवी : घट्ट बसणारी पण न काचणारी चोळी घाला, थंड पाण्याची घडी ठेवा, दूध पिळून रिकामं करत राहू नका, कारण त्याने ते आणखी येतं. गाठी झाल्या किंवा ताप आला, तर दवाखान्यात जा.

५. ऐकणं म्हणजे नेमकं काय करणं?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. नुसतं ऐकल्याने काय होतं?

उसाची मोळी बाई एकटीने स्वतःच्या डोक्यावर घेऊ शकत नाही. दुसऱ्याला हात लावावा लागतो. हात लावल्याने मोळीचं वजन कमी होत नाही आणि गाडीपर्यंत ती बाईलाच न्यावी लागते. पण तो हात मिळाला नाही, तर मोळी जमिनीवरून हलतच नाही. दुःख ऐकणारा माणूस एवढंच काम करतो, आणि तेवढंच काम दुसरं कोणी करू शकत नाही.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते एका कल्पित संभाषणातून पाहू. फोन करणारी म्हणते, "मॅडम, त्या दिवशी मी दोन हंडे पाणी आणलं. त्यानंच झालं."

एक उत्तर असं : "असं काही नसतं हो ताई. विचार करू नका. पुढच्या वर्षी होईल बघा." यातलं एकही वाक्य वाईट नाही. पण बाईचं बोलणं तिथेच खुंटतं. तिला कळतं, की इथेही ऐकायचं नाही, समजूतच घालायची आहे.

दुसरं उत्तर असं : "हंड्यांचा विचार डोक्यातून जात नाही म्हणता. त्या दिवसाचं सगळं सांगा मला, घाई नाही." मग ती सांगत जाते. दुपारी हंडे, संध्याकाळी डाग, दुसऱ्या दिवशी दवाखाना. ऐकणारी विचारते, "सोनोग्राफीत डॉक्टर काय म्हणाले?" "म्हणाले, बाळाची वाढ पंधरा दिवसांपूर्वीच थांबलेली." "म्हणजे हंडे आणले तेव्हा?" थोडा वेळ काहीच आवाज येत नाही. मग ती स्वतःच म्हणते, "म्हणजे तेव्हा ते आधीच गेलेलं."

दुसऱ्या संभाषणात समजूत कोणी घातली? ऐकणारीने नाही. बाईने स्वतःची स्वतः घातली. आपला दोष नाही, हे दुसऱ्याने सांगितलं तर ते कानावरून जातं. आपणच हिशेब लावून तिथे पोहोचलो, तर ते टिकतं.

६. हे फोनवरून, लांबून होतं का?

होतं, आणि याची पारख झालेली आहे. जर्मनीत अनेटे केर्स्टिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भ किंवा बाळ गमावलेल्या २२८ पालकांवर इंटरनेटवरून एक प्रयोग केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला लगेच मदत, दुसऱ्याला प्रतीक्षा यादीनंतर. मदत म्हणजे पाच आठवडे, आठवड्याला दोन वेळा लेखन. लिहिलेलं वाचून समुपदेशक उत्तर पाठवत. भेट एकदाही नाही.

लेखनाच्या तीन पायऱ्या होत्या. पहिली : जे घडलं ते, सगळ्यांत अवघड क्षणासह, जसंच्या तसं लिहायचं. दुसरी : आपल्यासारखंच नुकसान झालेल्या एका कल्पित मैत्रिणीला धीराचं पत्र लिहायचं. तिसरी : हे सगळं पुढे कसं सोबत न्यायचं, याचं पत्र स्वतःला किंवा जवळच्या माणसाला लिहायचं. यातली दुसरी पायरी फार हुशारीची आहे. स्वतःला दोष देणारी बाई मैत्रिणीला कधी म्हणेल का, "तुझीच चूक"? नाही म्हणणार. मैत्रिणीसाठी शोधलेले शब्द मग तिला स्वतःसाठीही वापरता येतात. ज्यांना लगेच मदत मिळाली, त्यांच्यातली आघाताची आणि दुःखाची लक्षणं दुसऱ्या गटाहून स्पष्टपणे कमी झाली.

लिहिता न येणाऱ्या किंवा लिहायची सवय नसलेल्या बाईचं काय? तिच्यासाठी आवाज आहे. इथे आपला वारसा कामी येतो. पहाटे जात्यावर बसून बायका जे बोलू नये ते ओवीत बोलत. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सुरू केलेल्या संकलनात महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांत बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्याही आहेत. जातं गेलं, गिरणी आली, दळणाचे कष्ट वाचले, पण ती पहाटेची जागाही गेली. फोनवरचा आवाज ती जागा पुरती भरून काढत नाही. तरी लिहिण्यापेक्षा बोलणं इथल्या बाईच्या अधिक अंगवळणी पडलेलं आहे, हे ध्यानात ठेवलं तर तिच्यासाठी लिहायला लावणाऱ्या अॅपपेक्षा साधा फोनकॉल बरा, हे उघड होतं.

७. फोन लावायचा तो कुठे?

भारत सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. नंबर १४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू, साध्या बटणाच्या फोनवरूनही लागतो. भाषा निवडायला सांगितलं जातं, त्यात मराठी आहे. महाराष्ट्रातल्या केंद्रांत पुणे आणि ठाणे यांच्याबरोबर बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाईही आहे.

फोन उचलतो तो प्रशिक्षित समुपदेशक. त्याच्या आवाक्याबाहेरचं असेल, तर तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतो. समोर बसूनच उपचार हवेत असं दिसलं, तर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची किंवा वैद्यकीय महाविद्यालयाची वाट दाखवतो. ही सेवा फक्त गर्भ गमावलेल्या बायकांसाठी नाही. त्यामुळे पहिल्याच वाक्यात सांगितलेलं बरं : "माझं पोटातलं बाळ गेलं आहे, त्याबद्दल बोलायचं आहे." आपल्याला वेड लागलंय की नाही, हे सिद्ध करायची गरज नाही. ही पोलिसांची लाइन नाही आणि आपोआप पोट पडणं हा गुन्हा नाही.

दुसरा मार्ग गटांचा. ब्रिटनमध्ये 'सँड्स' ही संस्था १९७८ पासून आणि 'मिसकॅरेज असोसिएशन' १९८२ पासून अशा पालकांसाठी काम करतात. आधी फोन आणि पत्रं, आता त्याला इंटरनेटवरचे गट जोडले गेले. गटाचा गुण असा, की कोणीतरी "माझंही" म्हणतं आणि मघाच्या हिशेबातल्या आठ जणींना एकमेकी सापडतात. दोषही आहेत. रोज नवी दुःखद कहाणी वाचून जखम ओली राहते. एखादीला पुन्हा दिवस गेल्याची बातमी दुसरीला सोसत नाही. व्हॉट्सअॅपच्या साध्या गटात तर प्रत्येकीचा नंबर बाकी सगळ्यांना दिसतो, आणि शिरूरसारख्या ठिकाणी नंबर कळला म्हणजे घर कळलं. म्हणून गटाला जबाबदार सांभाळणारी हवी, आणि नियम हवेत : दवाखान्याचे कागद आणि फोटो टाकायचे नाहीत, औषधं सुचवायची नाहीत, काढे-पुड्या विकणाऱ्यांना आणि पुत्रप्राप्तीचे तोडगे सांगणाऱ्यांना थारा नाही.

८. फोन कोणाचा आहे?

हा प्रश्न तंत्रज्ञानाच्या लेखांत क्वचित येतो, आणि इथे तोच सगळ्यांत मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या साधारण ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरण्याचा मोबाइल होता. इंटरनेट कधी ना कधी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्केच. म्हणजे जिला गरज आहे, तिच्या हातात अनेकदा नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा फोन असतो, तोही थोड्या वेळासाठी. ती १४४१६ लावेल तर तो नंबर यादीत दिसेल. तो पुसायला तिला कोणीतरी शिकवायला हवं. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, आडोसा नसतो. पाण्याला जाण्याची वेळ हीच तिची बोलण्याची वेळ असू शकते. "रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल" असा आधार तिच्या कामाचा नाही.

फोन आधार देतो तसा घावही घालतो. 'किलकारी' ही सरकारची सेवा गरोदर बाईच्या नोंदवलेल्या नंबरवर दर आठवड्याला ध्वनिसंदेश पाठवते. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत एकूण ७२ संदेश. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती महाराष्ट्रात मराठीतून सुरू झाली. सेवा उपयोगी आहे. पण पोट पडलं आणि त्याची नोंद सरकारी यादीत झाली नाही, तर पुढच्या आठवड्यात फोन वाजतो आणि बाळाची काळजी कशी घ्यावी हे आवाज सांगू लागतो. गर्भपात किंवा मृतजन्म नोंदवला, की संदेश बंद करण्याची सोय या व्यवस्थेत आहे. म्हणजे गावातल्या आशाताईने किंवा एएनएमने (परिचारिकेने) वेळेवर केलेली एक नोंद हाही मानसिक आधारच आहे.

स्मार्टफोनवर हा घाव जाहिराती घालतात. 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या पत्रकार जिलियन ब्रॉकेल यांचं बाळ २०१८ मध्ये मृत जन्मलं. त्यानंतरही त्यांना बाळाच्या वस्तूंच्या जाहिराती येत राहिल्या. तेव्हा त्यांनी तंत्रज्ञान कंपन्यांना उघड पत्र लिहिलं : मी गरोदर आहे हे तुम्हाला कळलं, तर माझं बाळ गेलं हे का कळलं नाही, असा त्याचा सूर होता. आता गुगलच्या जाहिरातींच्या सेटिंगमध्ये गर्भारपण आणि पालकत्व हा विषय कमी करता येतो, फेसबुकवरही पालकत्वाच्या जाहिराती कमी करता येतात. गरोदरपणाचं अॅप असेल तर त्यात गर्भ गेल्याची नोंद करावी किंवा ते काढून टाकावं. हे काम तिच्या बहिणीने किंवा नवऱ्याने करून द्यावं. त्या दिवसांत तिला ती स्क्रीन पाहायला लावू नये.

९. फोनवर काय सोपवू नये?

काही वेळा बोलणं थांबवून गाडी बोलवायची असते. रक्तस्राव इतका, की तासाला दोन मोठे पॅड भिजतात आणि हे दोन तास चालू आहे; ताप, घाण वास येणारं पाणी, पोटात असह्य कळ, चक्कर येऊन पडणं. अशा वेळी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावा. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर पोट पडल्यानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारायलाच हवं.

मनाच्या बाबतीतही अशा खुणा आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, जेवण नाही, घरातल्या मुलांकडे बघवत नाही. बाळाचं रडणं ऐकू येतं आणि ते खरंच वाटतं. "मी पण जाते त्याच्याकडे" असं बोलणं. शेवटची खूण दिसली, तर बाईला एकटं ठेवायचं नाही, शेतातली औषधं कुलपात ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

आणखी एक गोष्ट फोनवर सोपवता येत नाही : घरातली माणसं. त्यांनी काय म्हणू नये ते थोडक्यात सांगता येतं. "लवकर गेलं ते बरं झालं," "देवाची मर्जी," "पहिलंच तर होतं" ही वाक्यं टाळावीत. त्याऐवजी "वाईट झालं गं" एवढं पुरतं. नवऱ्यालाही कोणीतरी विचारावं. तो बाप होणार होता, आणि त्याला तर कोणीच विचारत नाही.

१०. आधार उभा करायचा तर कुठून?

आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी जाणारं माणूस आधीपासूनच आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं, तर आशाताई ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते, बाळाचं वजन घेते, ताप पाहते, आईशी बोलते. या भेटींचं वेळापत्रक आखलं आहे नवजात बाळाभोवती, आणि आशाताईला मोबदला मिळतो तोही त्या भेटींचा. बाळच नसेल, तर वेळापत्रक कोसळतं. ज्या बाईला दार वाजण्याची सगळ्यांत जास्त गरज असते, नेमकं तिचंच दार वाजत नाही.

म्हणून नवं अॅप काढण्याआधी करण्यासारखं काम साधं आहे. पोट गेलेल्या बाईच्या घरी आशाताईच्या दोन भेटी ठरवाव्यात, पहिली आठवड्यात आणि दुसरी महिन्यानंतर, आणि त्यांचा मोबदला द्यावा. पहिल्या भेटीत शरीराच्या खुणा पाहायच्या, गर्भपाताची नोंद करून 'किलकारी' बंद करायची आणि जाहिरातींचं सांगायचं. मग आपल्या स्वतःच्या फोनवरून १४४१६ लावून तो बाईच्या हातात द्यायचा आणि बोलणं संपेपर्यंत बाहेर ओट्यावर बसायचं. फोन कोणाचा, नंबर कोणाला दिसेल, आडोसा कुठे, हे तिन्ही प्रश्न एवढ्याने सुटतात. टोळी फडावर गेली असेल, तर दुसरी भेट फोनवरच होते, आणि त्यासाठी गाव सोडण्याआधी घेतलेला चालू नंबर वहीत हवा.

फोनवरून आधार मिळतो का, याचं उत्तर 'हो' आहे. पण तो फोन बाईच्या हातात देणारं माणूस गावातच लागतं.